🐆 *बिबट्यासमोर छर्र्याच्या बंदुकीचा भरवसा नको*



२०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, ते आपण विसरलेलो नाही. आता गहू-हरभऱ्याला रात्रीचं पाणी सुरू आहे. काही जण सोबत एअरगन नेतात, म्हणून हे वाचा.

१) छर्र्याने बिबट्या मरत नाही, जखमी होतो आणि उलटतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. मोर, वानरावरही छर्रा नको.

२) घरात एअरगन असेल तर छर्रा काढून कुलपात ठेवा. ताणून ठेवू नका, स्प्रिंग ढिली पडते. नळी कोरडी पुसून तेलाचा हात द्या. पोरांच्या हाती देऊ नका.

३) पाणी भरायला दोघं-तिघं जा. बॅटरी, काठी घ्या, मोबाईलवर गाणी लावा. वाकून काम करताना एकाने उभं राहून लक्ष ठेवावं. खळ्यात उघड्यावर झोपू नका.

४) बिबट्या दिसला तर पळू नका, खाली बसू नका. ओरडत हळूहळू मागे सरका.

५) वनविभाग हेल्पलाइन *१९२६*. गुरं मारलं तर जागेवरून हलवू नका, ४८ तासांत कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई नाही.

हा मेसेज सालदारालाही वाचून दाखवा.