लाखात आठ, तरी लाखावर रुग्ण

'मल्टिपल स्क्लेरोसिस हा गोऱ्या लोकांचा आजार ना? मग माझ्या सुनेला कसा झाला?' असं सांगलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे. त्यांना दोष देत नाही. हा समज बरीच वर्षं डॉक्टरांमध्येही होता. 1980 च्या दशकातल्या अंदाजांनुसार भारतात लाखामागे एखाद-दुसराच रुग्ण असावा. पुढे मंगळूरमध्ये पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. त्यात लाखामागे आठांहून थोडे अधिक रुग्ण आढळले. एका शहराचा आकडा सगळ्या देशाला लावणं ढोबळच, पण 140 कोटींच्या हिशेबाने तो लाखाच्या वर जातो.

मग आजार वाढला का? काही अंशी वाढलाही असेल, पण मोठा वाटा एमआरआयचा आहे. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडते, वायरवरचं प्लास्टिक सोलल्यासारखं. सुरुवातीचा झटका काही आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि माणूस तो विसरून जातो. तपासणीच नसेल तर अशा रुग्णाची नोंद कुठे होणार? फार कशाला, अमेरिकेतसुद्धा वर्षानुवर्षं चार लाख रुग्ण धरले जात. 2019 मध्ये विम्याच्या नोंदींवरून हिशेब केला तेव्हा ते नऊ लाखांच्या पुढे निघाले.

जर्मनीत हे प्रमाण लाखामागे तीनशेच्या आसपास आहे, तेव्हा आपल्याकडे ते कमीच, हे खरं. पण 'आपल्याकडे' म्हणजे नेमकं कोणाकडे? मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजाचा अभ्यास केला. 1990 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा होता लाखामागे 26. ऊन तेच, पाणी तेच, तरी एवढा फरक! म्हणजे वंशाचा वाटा आहेच. तरीही हा सरळ बापाकडून मुलाकडे जाणारा आजार नव्हे. आई किंवा वडिलांना तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच. सुनेला मूल होऊ द्यावं का, हा तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न. जरूर होऊ द्यावं, फक्त आधी डॉक्टरांशी बोलून औषधांचं नियोजन करावं.

बाकीच्यांनी हातापायाला मुंग्या आल्या की घाबरू नये. आपल्याकडे त्यामागे बी-12 ची कमतरता किंवा मधुमेह असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. पण वय वीस ते चाळीस, एका डोळ्याने दोन-चार दिवसांत अंधुक दिसू लागलं, डोळा फिरवताना दुखतो, लाल रंग फिका वाटतो, किंवा एका बाजूचा बधिरपणा चोवीस तासांनंतरही जात नाही, तर चष्म्याचा नंबर तपासून थांबू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळतो, आणि 'अशक्तपणा असेल' म्हणून त्यांनाच घरी बसवलं जातं.

निदान झालेलं असेल तर एक गोष्ट आवर्जून विचारा: अॅक्वापोरिन-4 ची रक्ततपासणी करायला हवी का? या तपासणीतून ओळखता येणारा एनएमओ नावाचा वेगळा आजार हुबेहूब असाच दिसू शकतो, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं त्यात अपाय करतात.