मधुमेह आणि पायांची निगा

मधुमेह हा शहरातील सुखवस्तू आणि बैठे काम करणाऱ्या लोकांचा रोग आहे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. ती आता खरी राहिलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि ग्रामीण भागातही दर १०० प्रौढांमागे सुमारे ९ जण या रोगाने ग्रस्त आहेत. शेतात राबणारा, अनवाणी चालणारा माणूसही आता या रोगाच्या कक्षेत आला आहे.

मधुमेहाने डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय यांना धोका पोहोचतो, हे पुष्कळांना माहीत असते. पायांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः मधुमेहामुळे ज्यांचा पाय कापावा लागतो, अशा दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांच्या बाबतीत सुरुवात पायावरील एखाद्या साध्या व्रणाने झालेली असते. तो व्रण टाळता आला किंवा वेळीच बरा करता आला, तर पाय वाचतो. म्हणून या विषयाची माहिती केवळ वैद्यांपुरती मर्यादित न राहता गावागावांत पोहोचणे अगत्याचे आहे.

दुखत नाही, हाच धोका

एका शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. बाजाराहून परतताना त्याच्या चपलेच्या तळातून खिळा वर येतो आणि तळव्यात रुततो. निरोगी माणूस पहिल्याच पावलाला थांबला असता. हा शेतकरी मात्र तशीच तीन मैलांची वाट चालून घरी येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चप्पल घालून शेतावर जातो. चौथ्या दिवशी घरातील कोणाला तरी फरशीवर रक्ताचा डाग दिसतो, तेव्हा कोठे जखम लक्षात येते. ‘दुखत नाही, म्हणजे किरकोळ असेल,’ असे म्हणून तो तिच्यावर हळद-चुना लावतो. आठवडाभरात पाय सुजतो आणि त्याला दुर्गंधी येऊ लागते.

या घटनेत दैवाचा भाग थोडा आणि अज्ञानाचा अधिक आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की पायांच्या मज्जातंतूंना इजा होते. प्रथम मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते आणि पुढे पाय बधिर होतात. घाम येणे कमी झाल्याने कातडी कोरडी पडून टाचांना भेगा जातात. पायातील लहान स्नायू दुर्बल होऊन बोटे वाकडी होतात. त्यामुळे चवड्याच्या ठरावीक भागावर अधिक भार पडून तेथे घट्टे व कुरुपे तयार होतात. पुष्कळ रुग्णांत रक्तवाहिन्याही अरुंद होतात. मग जखम भरून येण्यास लागणारे रक्त तेथे पुरेसे पोहोचत नाही. त्यात जंतूंचा शिरकाव झाला, की व्रण चिघळतो, हाडापर्यंत जातो आणि कोथ होऊन पाय काळा पडतो. विडी, सिगारेट व तंबाखू यांचे व्यसन असल्यास हा धोका आणखी वाढतो.

वेल्लोरचा धडा

बधिर पायांविषयीचे पुष्कळसे ज्ञान आपल्याला कुष्ठरोगाच्या सेवेतून मिळाले आहे. शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात, असे त्या काळी मानले जाई. डॉ. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की बहुतेक जखमांचे मूळ संवेदना नाहीशी होण्यात आहे. वेदना नसल्याने रुग्ण जखमेवरच चालत राहतो व ती भरत नाही. पायाला विश्रांती दिली आणि मऊ रबराच्या तळाची पादत्राणे वापरली, की त्याच जखमा भरून येत. डॉ. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेस गेले आणि हीच तत्त्वे पुढे मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी उपयोगी पडली. या अनुभवाचे सार एवढेच, की जेथे वेदना पहारा देत नाही, तेथे तो पहारा डोळ्यांनी द्यावा लागतो.

पाय बधिर आहेत काय?

याची प्राथमिक परीक्षा कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते. मधुमेही व्यक्तीस निजवून डोळे मिटण्यास सांगावे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी या सहा बोटांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टिचकी मारू नये आणि स्पर्श पुन्हा करू नये. स्पर्श जाणवताच त्या व्यक्तीने तसे सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायांची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. तपासणी समाधानकारक असली, तरी प्रत्येक मधुमेही व्यक्तीचे पाय वर्षातून किमान एकदा डॉक्टरांनी पाहणे आवश्यक आहे.

दररोजची निगा

रोज रात्री निजण्यापूर्वी तळवे, टाचा आणि बोटांमधील जागा उजेडात नीट पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. दृष्टी अधू असेल तर घरातील दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावे. पाय साध्या पाण्याने व साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटांच्या बेचक्या विशेष काळजीने टिपाव्यात. पावसाळ्यात, विशेषतः भातलावणीच्या दिवसांत, चिखल्या होतात आणि तेथूनच जंतू शिरतात. भेगांना खोबरेल किंवा कोकमाचे तेल लावण्यास हरकत नाही, परंतु ते बोटांच्या बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत.

आपल्याकडील काही सवयी बधिर पायांना घातक ठरतात. ऊन पाण्यात पाय बुडवून बसणे, शेकोटीजवळ पाय शेकणे, भेगांत बिब्बा घालणे, पात्याने कुरूप कापणे, कुरुपावर औषधी पट्टी चिकटवणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. भाजले तरी कळत नाही, हे सदैव स्मरणात असावे. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्याने तळव्यांना फोड येऊ शकतात. अशा वेळी जाड मोजे घालावेत.

पादत्राणांची निवड हा निगेचा मोठा भाग होय. घरातही अनवाणी चालू नये. पादत्राणाचा आतील थर मऊ, बाहेरील तळ काटा न शिरण्याइतका कठीण आणि मागे टाचेचा पट्टा असावा. अंगठ्यात अडकवण्याची चप्पल बधिर पायातून नकळत निसटते आणि बेचकीत घासते. खिळे ठोकलेले पादत्राण वापरू नये. ते शिवलेले किंवा चिकटवलेले असावे. पाय सायंकाळी किंचित सुजतात, म्हणून खरेदी त्या वेळी करावी. घालण्यापूर्वी दर वेळी पादत्राण झटकून आत हात फिरवून पाहावा.

जखम झाल्यास

जखम कितीही लहान असली, तरी ती स्वच्छ पाण्याने धुवावी, निर्जंतुक कापसाच्या जाळीने झाकावी आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, राख, झाडपाला किंवा तंबाखू लावू नये. धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. जखमेभोवती लाली, सूज, ऊब, पू किंवा दुर्गंधी असेल, ताप असेल अथवा बोट काळे किंवा थंड पडले असेल, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. जखम नसतानाही एक पाय एकाएकी सुजून गरम व लाल झाला, तर आतील हाडे खचत असण्याचा संभव असतो. अशा पायावर चालणे तत्काळ थांबवावे.

उपचाराचे चार भाग आहेत : मृत भाग काढून जखम स्वच्छ करणे, जंतुसंसर्गावर योग्य औषध देणे, रक्तपुरवठा तपासून गरज भासल्यास तो सुधारणे आणि पायावरील भार काढणे. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हे तर सर्वांच्याच मुळाशी आहे. यांपैकी भार काढण्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दिवसातून दोनदा पट्टी बदलली, पण त्याच पायाने शेतावर जाणे चालू राहिले, तर जखम भरणार नाही. यासाठी डॉक्टर विशिष्ट प्रकारचे प्लास्टर किंवा बूट देतात. जखम भरल्यावरही सावधगिरी सोडू नये, कारण दर १०० रुग्णांपैकी सुमारे ४० जणांना वर्षभरात पुन्हा व्रण होतो.

गावाची जबाबदारी

कर्त्या माणसाचा पाय गेला, की त्याच्याबरोबर घराची मजुरी जाते, बैलजोडी विकली जाते आणि मुलांचे शिक्षण थांबते. ही हानी टाळण्याचे साधन मात्र अल्पखर्चाचे आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेहासाठी तपासणी आरोग्य उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांमार्फत केली जाते. ग्रामपंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने गावातील मधुमेही व्यक्तींना वर्षातून एकदा पाय तपासून घेण्यासाठी केंद्रात बोलवावे. देवस्थानांच्या व्यवस्थापकांशी बोलून उन्हाळ्यात प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची चटई व सावली यांची सोय करता येईल. गावातील चर्मकार कारागिरास योग्य पादत्राणाचा नमुना दाखवल्यास ते गावातच तयार होऊ शकेल.

शिक्षकांचे साहाय्य तर अमोल ठरेल. आजी-आजोबांची दृष्टी मंदावते आणि कंबर वाकत नाही. नातवंडांचे डोळे मात्र तीक्ष्ण असतात. रोज रात्री आजोबांचे तळवे पाहून लाली, फोड अथवा भेग दिसल्यास वडीलधाऱ्यांना सांगावे, एवढा पाठ मुलांना देण्यास पैसा लागत नाही. ज्या घरात हा पाठ नित्य गिरवला जाईल, तेथे चपलेतून आलेला खिळा चौथ्या दिवशी नव्हे, तर त्याच रात्री सापडेल.