गॅदरिंग आणि शेवटची एसटी

हायस्कूलमधलं विद्यार्थी-जीवन किती बदललं, हे मोजायला भोर-वेल्ह्यात एक सोपं माप आहे: घर ते शाळा अंतर. तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून पूर्वी मुलं चालतच शाळेत येत. लेझीम, खो-खो, गॅदरिंगची तालीम सगळं असे, पण लांबच्यांना अंधाराआधी घर गाठायचं असे. १९९६ साली अहिल्याबाई होळकर योजना आली आणि खेड्यातल्या मुलींचा शाळेचा एसटी प्रवास मोफत झाला. पायपीट वाचली, घाई मात्र राहिली, आता शेवटच्या गाडीची! २०२० मध्ये शाळा मोबाईलवर आली, तर डोंगराआड रेंज नाही.

मित्रांनो, आपण हॉस्टेलवाले रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिस करतो, कारण आपल्याला एसटी पकडायची नसते. ‘ही मुलगी कशातच भाग घेत नाही’ म्हणण्याआधी तिची गाडी कितीची आहे, ते विचारावं.