परवाना, बोली आणि वाचाविकार : अमेरिकी राज्यांतील व्यवस्थेचा विचार

वाचा-भाषाचिकित्सा आणि श्रवणशास्त्र ही क्षेत्रे वाङ्मयाच्या अभ्यासकास सकृद्दर्शनी परकी वाटतील. परंतु बोलीचे वैशिष्ट्य कोठे संपते आणि उच्चाराचा दोष कोठे सुरू होतो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही. एखाद्या मुलाची तपासणी करताना तोच प्रश्न उभा राहतो, तेव्हा त्याचे उत्तर देण्याचा अधिकार शासनाचा परवाना असलेल्या व्यक्तीकडे असतो. हा परवाना नेमकी कशाची ग्वाही देतो, हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्थेच्या आधारे पाहण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम दोन संज्ञांतील भेद लक्षात घ्यावयास हवा. आज अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन या नावाने ओळखली जाणारी व्यावसायिक संघटना १९२५ साली, निराळ्या नावाने, स्थापन झाली. ती देते ते प्रमाणपत्र. ते व्यवसायबंधूंनी दिलेली मान्यता होय. परवाना मात्र राज्याच्या कायद्याने मिळतो आणि त्यावाचून व्यवसाय करणे सामान्यतः बेकायदा ठरते. असा परवाना सुरू करणारे पहिले राज्य फ्लॉरिडा, वर्ष १९६९. आज पन्नासही राज्यांत या दोन्ही व्यवसायांचे कायद्याने नियमन होते. शाळांत काम करणाऱ्यांसाठी काही राज्यांत शिक्षण खात्याची वेगळी पात्रता असते.

राज्याराज्यांच्या अटींत फरक असला तरी त्यांचा साचा बहुतांशी संघटनेच्या मानकांवरून घेतलेला आहे. वाचा-भाषाचिकित्सकास पदव्युत्तर पदवी लागते. देखरेखीखालील प्रात्यक्षिक अनुभवाचे ४०० तास पूर्ण करावे लागतात. त्यांपैकी २५ निरीक्षणाचे असतात. त्यानंतर किमान ३६ आठवड्यांत १,२६० तासांची उमेदवारी आणि एक राष्ट्रीय परीक्षा. श्रवणतज्ज्ञाच्या प्रमाणपत्रासाठी २०१२ पासून डॉक्टरेटच्या दर्जाची पदवी आवश्यक झाली आहे. परवान्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावयाचे असते. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी योजलेला आंतरराज्य करार दहा राज्यांच्या मान्यतेनंतर २०२१ साली अस्तित्वात आला.

या अटी कडक आहेत आणि त्या तशा असणे योग्यच आहे. अपुऱ्या शिक्षणाच्या हाती रुग्ण पडू नये, हा त्यांचा उद्देश. परंतु तास, पदवी आणि गुण मोजता येतात. रुग्णाच्या भाषेची जाण तशी मोजता येत नाही. संघटनेच्या मानकांत भाषिक विविधतेचे ज्ञान अपेक्षिलेले आहे खरे. तथापि परीक्षा इंग्रजीतून होते आणि समोर येणारे मूल कोणत्याही घरचे असू शकते.

ही उणीव केवळ तात्त्विक नव्हे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश मातृभाषा असलेल्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीतून घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात घातले जात असे. त्याविरुद्धच्या दाव्यात १९७० साली तडजोड झाली आणि मुलांची चाचणी मातृभाषेतही घेण्याचे ठरले. मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथील खटल्यात १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी असा निर्णय दिला, की कृष्णवर्णीय मुलांची घरची बोली शिक्षकांनी ओळखावी आणि वाचन शिकवताना ती विचारात घ्यावी. १९८३ साली वरील संघटनेनेही स्पष्ट केले की, इंग्रजीची कोणतीही सामाजिक बोली हा वाचाविकार नव्हे. भेद आणि विकार यांमधील ही रेषा कायद्याच्या व्याख्येत आयती आखलेली नव्हती. ती मागाहून, अनेक मुलांनी किंमत मोजल्यावर, आखावी लागली.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मराठी ‘व’ हा इंग्रजीतील दोन वेगळ्या ध्वनींच्या दरम्यानचा असल्याने ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ हे शब्द अशा घरातील मुलाच्या तोंडी एकसारखेच येऊ शकतात. हा दोष नव्हे. मात्र तेच मूल मराठीतही शब्द जुळवताना अडखळत असेल, तर विकाराची शंका रास्त ठरते. खरा भाषाविकार मुलाच्या दोन्ही भाषांत प्रकट होतो, हे या शास्त्राचे मूलभूत सूत्र आहे. आणि दुसरी भाषा न तपासता ते वापरताच येत नाही. श्रवणाचेही तसेच. शुद्ध स्वर ऐकू येतो की नाही, हे कोणत्याही भाषिकाला विचारता येते. परंतु अपरिचित भाषेतील शब्दांची यादी ऐकवून काढलेले गुण कानाचे की भाषाज्ञानाचे, हे सांगणे कठीण.

भारतातील व्यवस्था निराळी आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने येथे संपूर्ण देशासाठी एकच नोंदवही निर्माण केली. नोंदणी झालेला तज्ज्ञ कोणत्याही राज्यात व्यवसाय करू शकतो. राज्यांच्या सीमेची अडचण येथे नाही. परंतु भाषांची सीमा अधिकच जवळ आहे. वऱ्हाडात ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, खेड्यापाड्यांतून ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. प्रमाण मराठीवर बेतलेल्या चाचणीत हे उच्चार चुका म्हणून मोजले गेले, तर निरोगी मूल रुग्ण ठरेल. खानदेशच्या बोलीतील बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ साली ग्रंथरूपाने आली, आणि जी भाषा अशिक्षितांची समजली जात होती तिच्यातील सामर्थ्य मराठी रसिकांनी मान्य केले. वाङ्मयाला लाभलेला हा न्याय तपासणीच्या टेबलासमोर बसलेल्या बालकालाही मिळावयास हवा.

परवाना व्यक्तीच्या शिक्षणाची ग्वाही देतो. रुग्णाची भाषा तिला कळते, याची नाही. ही दुसरी ग्वाही देता यावी यासाठी बोलींची वर्णने, मुलांच्या भाषासंपादनाच्या नोंदी आणि त्या त्या भाषेतील शब्दयाद्या लागतात. त्या तयार करण्याचे काम चिकित्सकांचे एकट्याचे नाही. ते भारतीय भाषांच्या अभ्यासकांचेही आहे.