क्वामालासमुतू : वर्षावनातलं एक गाव शिकवताना



वर्षावन हा भाग आपण साधारण कसा शिकवतो? पृथ्वीगोलावर विषुववृत्त दाखवायचं, भरपूर पाऊस, उंच झाडं, अनाकोंडा, पोपट, आणि शेवटी ‘येथील लोक शिकार करतात व झोपड्यांत राहतात’ हे एक वाक्य. झाला घटक पूर्ण. मीही बरीच वर्षं हेच केलं. यंदा वाटलं, अख्खं जंगल नको, एकच खरं गाव घेऊ. ते होतं क्वामालासमुतू. नाव मुलांना इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत त्याचं गाणंच झालं.

हे गाव दक्षिण अमेरिकेत सुरिनाम देशाच्या अगदी दक्षिणेला, सिपालिविनी नदीच्या काठी आहे. पलीकडे ब्राझील. सुरिनाम आकाराने महाराष्ट्राच्या साधारण निम्मा, पण लोकवस्ती जेमतेम सहा लाख आणि नव्वद टक्क्यांहून जास्त भूभागावर जंगल. बहुतेक लोक समुद्राकाठी राहतात. राजधानी पारामारिबोहून या गावाला रस्ता नाही. छोटं विमान गावाशेजारच्या धावपट्टीवर उतरतं, नाहीतर होडी. (१८७३ पासून भारतातून मजूर म्हणून नेलेल्या लोकांचे वंशज आज सुरिनाममध्ये मोठ्या संख्येने आहेत, हे ऐकून वर्गात जो गोंगाट झाला तो शमवायला पाच मिनिटं लागली.)

गावात मुख्यतः ट्रियो लोक राहतात. ‘क्वामाला’ म्हणजे बांबू आणि ‘समुतू’ म्हणजे वाळू. इथे मुलांनी मला पहिला धडा दिला. मी म्हणाले, ‘हे जुनं गाव असेल ना, जंगलाइतकं?’ सगळे ‘हो’ म्हणाले. तर नाही! हे गाव १९७० च्या दशकातलं, म्हणजे आपल्यापैकी काहींच्या आईवडिलांच्या वयाचं. आधी ट्रियो लोक लहान लहान वस्त्यांत विखुरलेले होते. १९६० च्या सुमारास ख्रिस्ती धर्मप्रचारक तिथे पोचले. औषधं आली, ट्रियो भाषेत लिहायला-वाचायला शिकवणं आलं, आणि वस्त्या एकत्र करणंही आलं. त्यातून आलालापादू नावाचं मोठं गाव तयार झालं. पण माणसं एकाच जागी जास्त झाली की जवळची शिकार संपते, मासे कमी होतात, शेताचे तुकडे लांब लांब जातात. म्हणून तिथले बरेच जण पुढे क्वामालासमुतूला आले. इथेही काही वर्षांनी तीच अडचण, मग काही कुटुंबं पुन्हा बाहेर पडून लहान गावं वसवू लागली. जुन्या आलालापादूतही माणसं परत राहायला गेली. म्हणजे ‘आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी जसेच्या तसे राहतात’ हे आपण सांगतो ना, ते इथे टिकत नाही.

आता जेवणाचा भाग, कारण मुलं त्यातच रमतात. तिथलं मुख्य अन्न कसावा. हे आपल्या ओळखीचं कंदमूळ आहे, फक्त आपण ते ओळखत नाही. उपवासाला आपण जो साबुदाणा खातो, तो याच कंदाच्या पिठाचा, बराचसा तमिळनाडूतल्या सेलम भागात तयार होणारा. तिकडे कडू जातीचा कसावा खूप पिकवतात. त्यात असा पदार्थ असतो की कंद तसाच खाल्ला तर शरीरात सायनाइड तयार होतं. मग बायका काय करतात? कंद किसतात, कीस एका लांब विणलेल्या नळीत भरतात, ती टांगून खालून ताणतात. नळी लांब होते तशी आवळत जाते आणि विषारी रस पिळून निघतो. उरलेला चोथा वाळवून, चाळून, तव्यासारख्या गरम पत्र्यावर मोठी गोल भाकरी भाजतात. रससुद्धा वाया घालवत नाहीत, भरपूर उकळला की तो खाण्यालायक होतो. एक मुलगा म्हणाला, ‘बाई, हे त्यांना कुणी शिकवलं?’ मी उलट विचारलं, ‘तुझ्या आजीला कडू कंद उकडून, पाण्यात ठेवून खायचा असतो, हे कुणी शिकवलं?’ पोरगा गप्प झाला, पण घरी जाऊन विचारून आला.

या गावाबद्दल पुस्तकांत थोडंच सापडतं. पण म्हणून ते ‘अज्ञात’ का? २००० साली गावातला एक जण हरवलेला कुत्रा शोधत जंगलात गेला आणि त्याला मोठमोठ्या खडकांच्या कपारी दिसल्या. दगडांवर माणसांनी कोरलेली चित्रं, तीनशेच्या वर. ती जागा आता वेरेपाई म्हणून ओळखली जाते. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी गावाच्या आसपासच्या जंगलाची पाहणी केली. जवळपास १,३०० जातींची नोंद झाली आणि त्यातल्या ४६ विज्ञानाला नव्या असाव्यात असं त्यांनी जाहीर केलं. वाट दाखवायला, ओझी वाहायला, प्राणी कुठे सापडेल ते सांगायला गावकरीच होते. विज्ञानाला नवीन म्हणजे गावालाही नवीन, असं धरायचं कारण नाही.

औषधी वनस्पतींचं तसंच. धर्मप्रचारकांच्या काळात वैदूंचं काम चुकीचं ठरवलं गेलं होतं, तरुण शिकेनासे झाले होते. मार्क प्लॉटकिन हे वनस्पती अभ्यासक १९८० च्या दशकात या वैदूंकडे शिकायला आले. पुढे ती माहिती ट्रियो भाषेत उतरवून गावाला परत दिली गेली आणि २००० मध्ये गावात वैदूंचा स्वतंत्र दवाखाना सुरू झाला. नेहमीचा दवाखाना होता तो राहिलाच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते भाषेचं. देशाची सरकारी भाषा डच, शाळाही डचमध्ये. घरात मूल ट्रियो बोलतं. शिवाय गावात इतर जमातींचेही लोक आहेत. त्यातली मावायाना ही भाषा एथ्ना कार्लिन या अभ्यासिकेने नोंदवायला घेतली, तेव्हा ती नीट बोलणारे दोन-तीन म्हातारेच उरले होते. त्यांची नातवंडं ट्रियो बोलतात आणि शाळेत डच वाचतात. हे वाचताना मला आमची पहिली आठवली. आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं कातकरी वस्तीवरची. नवीन आलेलं पोर ‘इकडे ये’ समजतं, ‘निरीक्षण कर’ समजत नाही. आपण शेऱ्यात लिहून टाकतो, ‘प्रतिसाद कमी’. मीही लिहिलंय.

तास संपता संपता चौथीतल्या एका मुलीने विचारलं, ‘बाई, आपली वाडी पण नकाशात नाही. मग आपण पण अज्ञात का?’

मी उत्तर दिलं नाही. मुलांना एक कोरी वही दिली आणि सांगितलं, वाडीबद्दल जे कुठल्याच पुस्तकात नाही ते यात लिहून आणा, घरातल्या मोठ्यांना विचारून, आणि शब्द त्यांचेच ठेवा. पहिल्या आठवड्यात ओढ्याच्या सात डोहांची सात वेगळी नावं आली. वाडीचं नाव ज्या झाडावरून पडलं ते झाड आता एकच उरलंय, हेही आलं. मी इथे सात वर्षं आहे, मला हे माहीत नव्हतं. एक आजी तर स्वतः शाळेत आली. नातवाने रानभाजीचं नाव ‘शुद्ध’ करून लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. म्हणाली, ‘आम्ही म्हणतो तसंच लिवा.’

वही भरत आली आहे. दुसरी आणायची आहे.