निळ्या रंगाचा हिशेब

अकोला-अमरावतीकडच्या काळ्या जमिनीची मृद आरोग्य पत्रिका हातात आली, की मी स्फुरदाचा आकडा आधी पाहतो, आणि त्यावर लगेच विसंबत नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्राला स्फुरद दिसत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. आपली जमीन चुनखडीची, विम्ल, म्हणून १९५४ साली ओल्सन यांनी सांगितलेल्या रीतीने अडीच ग्रॅम माती ५० मिलीलिटर सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अर्धा तास हलवतात, गाळून अर्क घेतात, त्यात मॉलिब्डेट घालून निळा रंग आणतात. हा रंग किती प्रकाश अडवतो, यावरून स्फुरद काढायचा. दहावा हिस्सा प्रकाश पलीकडे पोचला तर शोषण १, शंभरावा पोचला तर २. आणि द्रावणाची तीव्रता दुप्पट झाली की शोषणही दुप्पट. बेअर यांनी १८५२ मध्ये मांडलेला हा नियम भरवशाचा आहे. मात्र प्रकाश नेमका कोणी अडवला, हे तो सांगत नाही.

आपल्या मातीत अडवणारे पुष्कळ असतात. बायकार्बोनेट स्फुरदाबरोबर सेंद्रिय पदार्थही ओढून काढतं आणि अर्क कोऱ्या चहासारखा दिसतो. चिकणमातीचे बारीक कण गाळणी कागदातूनही उतरतात. रंग घालवायला कोळशाची पूड टाकतात, पण ती स्फुरदमुक्त धुतलेली नसेल तर तीच अर्कात स्फुरद सोडते. रंग आणण्यासाठी आम्ल घालताच अर्क फसफसतो. फेस पुरता बसू दिला नाही तर काचनळीच्या भिंतीला बुडबुडे चिकटतात, आणि मीटर त्यांनाही निळ्या रंगात धरतो. चूक किती वाढते ते पाहा: ५ मिलीलिटर अर्क २५ मिलीलिटरपर्यंत नेला, तर द्रावणातला आकडा हेक्टरी किलोत आणताना २२४ ने गुणावा लागतो. लिटरमागे ०.०५ मिलीग्रॅमची चूक म्हणजे हेक्टरी ११ किलो. ८ किलोची कमी स्फुरदाची जमीन कागदावर १९ किलोची, मध्यम होऊन बसते.

कोणी म्हणेल, शेतातला नमुनाच नीट घेतलेला नसतो, तिथली चूक याहून मोठी. खरं आहे. पण नमुन्याची चूक कधी वर जाते, कधी खाली; गढूळपणा आकडा नेहमी वरच नेतो, आणि शेतकरी गरज असताना स्फुरद कमी देतो. दुसरा आक्षेप नव्या यंत्रांचा: आधी ब्लँक लावून शून्य केलंच आहे ना? त्या ब्लँकमध्ये फक्त रसायनं असतात, त्या शेताच्या अर्काचा तपकिरी रंग नसतो. अर्क रंगीत राहिला, तर त्यातलाच थोडा मॉलिब्डेट न घालता, बाकी सगळं तसंच ठेवून वेगळा मोजावा आणि ते रीडिंग वजा करावं. रीडिंगवरून स्फुरद काढायचा आलेख ज्ञात तीव्रतेच्या प्रमाण द्रावणांवरून बनवतात; त्यांतल्या सर्वांत तीव्र द्रावणाच्या वर रीडिंग गेलं, तर आलेखाची रेघ अंदाजाने पुढे ओढू नये. कमी अर्क घेऊन रंग पुन्हा आणावा. एवढ्याने काम वाढतं, हे मान्य, पण ते टाळण्याजोगं नाही.

माती तपासायला देताना वाळवून चाळलेली अर्धा किलो माती घरी राखून ठेवा. पत्रिकेवरचा स्फुरद अपेक्षेपेक्षा जास्त दिसला, तर खताचा हप्ता कमी करण्याआधी तीच माती पुन्हा तपासून घ्या, आणि अर्क निथळ होता का, हे प्रयोगशाळेत विचारा.