रक्तचंदनाची लागवड व निर्यातीचा परवाना

रक्तचंदन हा मूळचा आंध्र प्रदेशाच्या दक्षिणेकडील डोंगरांतील वृक्ष होय. त्याच्या लाल गाभ्यास परदेशी मोठी मागणी असल्यामुळे जंगलांत चोरटी तोड फार झाली. म्हणून संकटग्रस्त प्राणी व वनस्पतींच्या व्यापाराविषयी १९७३ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा १९९५ साली समावेश करण्यात आला. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे.

साखरखेर्डा परिसरात हे झाड लावू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे की, स्वतःच्या शेतातील लाकूडही शासकीय परवान्यावाचून परदेशी पाठविता येत नाही. माल कायदेशीर मार्गाने मिळाला आहे काय, हे त्यावेळी तपासले जाते. चोरीचा ओंडका आणि लागवडीचा ओंडका नुसत्या पाहण्याने ओळखू येत नाही. तो भेद कागदपत्रेच सिद्ध करतात. यास्तव लागवडीपासूनच पुढील दक्षता घ्यावी :

१. रोपे पावती घेऊनच खरेदी करावीत.

२. सात-बाराच्या उताऱ्यावर झाडांची जात व संख्या नोंदवून घ्यावी.

३. तोडीपूर्वी वनविभागाकडे चौकशी करून तोड व वाहतूक यांसाठी आवश्यक ती परवानगी मिळवावी.

गाभा पक्व होण्यास वीस-पंचवीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. लावणारा बाप आणि विकणारा मुलगा, असेही घडेल. तेव्हा ही कागदपत्रे जमिनीच्या खरेदीखताबरोबरच जपून ठेवावीत.